सासूबाईंच्या कानाजवळून गेलेल्या बुटाबाबत, उभ्या पंख्यास

प्रति,
मा. उभा पंखा,
परवाना अधिकाऱ्यांच्या टेबलाच्या उजवीकडे, खिडकीखाली,
भूमी-प्रवेश परवाना कार्यालय,
गिंबारा वस्ती, उत्तर ऑस्ट्रेलिया.

विषय: वाटाड्याचा दाखला रद्द न करणेबाबत, तसेच गुरुवारच्या सुनावणीस पाठमोरे बसण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ:
१) एक डावा बूट.
२) लांब मानेचे कासव, भाजलेले, झाडाच्या सालीत गुंडाळलेले.
३) ‘पुडिंग’ नावाची कुत्री व तिचा आज्ञाधारकपणा.
४) तोंडातले पाणी.
५) आपल्या कार्यालयाचे पत्र, ज्यात वरील चारही बाबी ‘गैरवर्तन’ या एकाच शब्दात बसवल्या आहेत.

पंखेमहोदय,

१. मी, क्लिफ्टन डाल्बी, राहणार गिंबारा, सविनय कळवतो की, गिंबारा ओढ्याच्या रानवाटेवर बाहेरच्या पाहुण्यांना पायी फिरवून आणण्याचे काम मी करतो. हा ओढा आणि त्याच्या दोन्ही काठांचे रान माझ्या आईच्या माहेरचे आहे. आईच्या माहेरची जमीन सांभाळणे हे आमच्याकडे भाच्याचे काम. गवत कधी पेटवायचे, कोणत्या डोहाशी कोणी जायचे, परक्या माणसाची पाण्याशी ओळख कोणी करून द्यायची, हे सगळे मी बघतो. त्यासाठी आपल्या कार्यालयाचा दाखला लागत नाही. पाहुणे सोबत असले की लागतो.

२. अर्ज अधिकाऱ्यांच्या नावे न करता आपल्या नावे करत आहे, हा उद्धटपणा समजू नये. अधिकारी माझ्या सासूबाई आहेत. आमच्यात जावयाने सासूशी बोलायचे नसते, तिच्याकडे बघायचे नसते, तिचे नाव घ्यायचे नसते आणि ती ज्या वाटेने येते ती वाट सोडून उभे राहायचे असते. हे भांडण नव्हे, आदर आहे, आणि आदर जितका जास्त तितके अंतर जास्त. अगदीच बोलणे भाग पडले तर मध्ये तिसरे कोणी घ्यावे. माणूस नसेल तर कुत्रे, कुत्रे नसेल तर झाड. आपल्या कार्यालयात कुत्र्यांना मनाई आहे आणि समोरचे झाड तोडून तिथे पाण्याची टाकी बसवली आहे. म्हणून आपण. आपण दिवसभर डावीउजवीकडे मान हलवत असता. तो नकार नसून आपला स्वभाव आहे, असे समजून पुढे लिहितो.

३. अधिकारी माझ्या सासूबाई कशा झाल्या, हे त्यांच्याही नीट ध्यानात आले नसावे. त्या दक्षिणेकडच्या शहरातून आलेल्या बालांडा, म्हणजे गोऱ्या. वयाने माझ्या थोरल्या मुलीएवढ्या. पावसाळ्यात रस्ते बंद असताना त्या माझ्या बायकोच्या, म्हणजे नोएलीनच्या, आईकडे टोपल्या विणायला शिकत बसायच्या. विणकाम काही जमले नाही. पण नोएलीनच्या आईला त्या आवडल्या आणि एके दिवशी ती चारचौघांत म्हणाली, आजपासून ही माझी धाकटी बहीण. अधिकाऱ्यांना भरून आले. त्यांनी बहिणीला मिठी मारली आणि फोटो काढून घेतला. बहीण मिळाली की बहिणीची मुलगी आपलीही मुलगी होते, आणि मुलगी मिळाली की जावई आलाच, हे त्यांना त्या दिवशी सांगायचे राहून गेले. मी त्याच वेळी शिजलेले बटाटे घेऊन अंगणात येत होतो. तिथूनच मागे फिरलो. बटाटे माझ्याकडेच राहिले.

४. नोएलीनचा भाऊ ड्वेन हा आमच्या फेरीची गाडी चालवतो. त्याला पांढरी दाढी आहे. त्या दिवसापासून तो अधिकाऱ्यांना ‘आई’ म्हणतो आणि कँटीनमध्ये त्यांच्याकडे थंड पेयाचा हट्ट धरतो. त्या देतात. त्याचे बरे चालले आहे.

५. (या परिच्छेदात अधिकाऱ्यांचे नाव येणे आवश्यक होते. म्हणून परिच्छेद मोकळा सोडला आहे.)

६. गेल्या आठवड्यात अधिकारी माझ्या कामाची तपासणी करण्यासाठी स्वतः फेरीत आल्या. सोबत शहरातले चार पाहुणे होते, प्रत्येकाच्या दोन्ही हातांत काठ्या. ‘मार्गदर्शक फेरीभर सर्वांच्या पुढे पळत होता व एकदाही मागे वळला नाही,’ असे त्यांच्या अहवालात आहे. खरे आहे. मागे त्या होत्या. उंच झाडांचे विरळ रान होते तोवर मला झाडाआड होता येत होते. ओढ्याकाठी केवड्याची दाटी सुरू झाली, वाट एका माणसापुरती उरली आणि माझी पंचाईत झाली. वारुळे, हिरव्या मुंग्या, कोणते फळ खायचे आणि कोणते नाही, ही सगळी माहिती मी पुडिंगला दिली. तीही मोठ्या आवाजात, मागपर्यंत ऐकू जाईल अशी. पाहुण्यांनी वहीत उतरवून घेतली. अधिकाऱ्यांनीही काहीतरी लिहिले, पण ते ‘कुत्र्याशी बोलतो, माणसांशी नाही’ असे निघाले.

७. पहिल्या डोहाशी पाहुण्यांची ओळख करून देणे हे माझे काम. ओढ्याचे पाणी तोंडात घ्यायचे, पाहुण्याच्या डोक्यावर फुंकरायचे आणि मोठ्याने सांगायचे की ही आपली माणसे आहेत, चालून चालून दमली आहेत, यांना त्रास देऊ नका. म्हणजे पाण्याला त्यांचा वास कळतो. चौघांच्या डोक्यावर मी पाणी घातले. पाचव्या सासूबाई होत्या. जावई सासूच्या डोक्यावर तोंडातले पाणी फुंकरतो आहे, असे चित्र आपण, महोदय, क्षणभर डोळ्यांसमोर आणून पाहावे. मी ते पाणी गिळले. अहवालात याला ‘भेदभाव’ म्हटले आहे.

८. दुपारी ड्वेनने चिखलातून कासव काढले. पहिला आणि चांगला वाटा सासूला पोचवणे हे जावयाचे कर्तव्य, म्हणून भाजलेल्या कासवाचा मांसल भाग मी ड्वेनच्या हाती पाठवला. अधिकाऱ्यांनी त्याला विचारले, हे कशाबद्दल? त्याने सरळ ‘जावयाने पाठवलंय’ म्हणायचे सोडून डोळा मारला आणि म्हणाला, “खा गं आई, तो तुला खूश ठेवायला बघतोय.” अहवालात याला ‘लाच देण्याचा प्रयत्न’ म्हटले आहे. लाच पूर्ण खाल्ली गेली, हे तिथे नमूद नाही.

९. आता बूट. जेवणानंतर ड्वेन गाडी आणायला गेला. पाहुणे कागदी सालीच्या झाडांखाली आडवे झाले होते. मी सर्वांकडे पाठ करून डावा बूट काढला आणि त्यातल्या मुंग्या झटकत बसलो. तेवढ्यात मागे बाटलीत पाणी भरल्याचा आवाज आला. तो खालच्या डोहाकडून येत होता, आणि खालच्या डोहाशी आम्ही कोणी वाकत नाही. मी पुडिंगला म्हणालो, “पुडिंग, तिथे वाकू नकोस. त्या काठाखाली राहतो तो अजून जेवलेला नाही.” पुडिंग ताबडतोब उठून वर आली. बाटलीचा आवाज चालूच राहिला. मी पुन्हा म्हणालो, “पुडिंग, ऐकू येत नाही का तुला?” पुडिंग माझ्या मांडीवर येऊन बसली. मग पाणी हलल्याचा दुसरा आवाज आला. तो बाटलीचा नव्हता.

१०. नाव घेऊन हाक मारता येत नव्हती. धावत जाऊन हाताला धरून ओढणे तर नावाहून वाईट. पाहुण्यांना सांगावे, तर ते घोरत होते. हातात बूट होता. मी तो पाण्याच्या दिशेने मागे न बघता फेकला, आणि बघितले नाही म्हणूनच तो पाण्यात पडण्यापूर्वी अधिकाऱ्यांच्या कानाला वारा लावून गेला. त्या दचकून मागे चिखलात बसल्या. जे वर आले होते ते, आवाजावरून सांगतो, बूट घेऊन खाली गेले. अधिकाऱ्यांनी डोळे पुसून पाहिले तेव्हा डोहावर नुसती वर्तुळे होती. एका पाहुण्याला जाग आली आणि त्याने फोटो काढला. त्या फोटोत चिखलात बसलेल्या अधिकारी आहेत, त्यांच्याकडे पाठ करून एका पायात बूट घातलेला मी आहे, आणि पाणी अगदी शांत आहे. ‘कर्तव्यावरील अधिकाऱ्यावर पादत्राण फेकले’ हे वाक्य त्या फोटोवरून लिहिले गेले.

११. मी डार्विन शहरातल्या मुख्य कार्यालयाला कळवले. त्यांचे उत्तर आले की तक्रार स्थानिक अधिकाऱ्यांकडेच मांडावी, त्या फार मनमिळाऊ आहेत, समोरासमोर बसून बोला.

१२. सुनावणी गुरुवारी आहे. मी आलो नाही तर दाखला रद्द. आलो तर सासूबाईंसमोर टेबलाला टेबल लावून बसणार, आणि मग वस्तीत मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. दाखला रद्द झाल्यावर माझ्या जागी वाटेवर बोलणारे यंत्र बसवणार आहेत असे समजते. कळ दाबली की ते मगरीबद्दल सावध करील. मगरीबद्दल सांगणे सोपे आहे, महोदय, ते पुडिंगलाही समजले. पण माझ्या आईच्या माहेरी रोज परकी माणसे उतरतील आणि ती कोण आहेत हे पाण्याला कोणी सांगणार नाही. यंत्राला तोंड असेल, पण त्यात पाणी धरता येत नाही. मग कोणी परत आले नाही तर विचारायला सगळे माझ्याकडेच येतील, आणि बरोबरच येतील.

१३. हे सर्व मी नोएलीनमार्फत तिच्या आईच्या कानावर घातले. ती इतकी हसली की तोंडातली तंबाखू खाली पडली. मग तिने निरोप दिला, “माझ्या बहिणीला म्हणावं, जावई मिळालाय तर कासव खा आणि गप्प बस.” हा निरोप कार्यालयीन भाषेत कसा लिहावा हे मला जमलेले नाही, म्हणून जसाच्या तसा दिला आहे.

१४. तरी माझ्या पुढील विनंत्या मान्य व्हाव्यात:

(अ) सुनावणीस मला खिडकीबाहेर, पाण्याच्या टाकीआड, कार्यालयाकडे पाठ करून बसू द्यावे. प्रश्न ड्वेनने आणून द्यावेत आणि उत्तरे ड्वेनने न्यावीत. त्याने वाटेत घातलेली भर माझी धरू नये.

(आ) ड्वेन थंड पेय पिण्यात गुंतल्यास त्या दिवसापुरती पुडिंगला आत सोडावे.

(इ) शपथ घेण्यासाठी मला आत यावेच लागले, तर ती आपल्याकडे बघून घेऊ द्यावी. त्या वेळी आपण मान हलवणे बंद ठेवावे. नाहीतर माझी नजर आपल्यामागे फिरत फिरत जिथे जाऊ नये तिथे जाईल.

(ई) बहीण मिळाल्याची नोंद रद्द करावी असे माझे मुळीच म्हणणे नाही. त्या आमच्याच आहेत. नोएलीनला मावशी मिळाली आणि तिला ती आवडते.

(उ) मात्र सुनावणीचा निकाल काहीही लागो, त्यांनी पुन्हा रानात पाऊल टाकण्याआधी थोरल्या बहिणीसोबत पहिल्या डोहाशी जावे. डोक्यावर पाणी बहीण घालील. त्या दिवशी त्या सबंध ओढा ओळखीवाचून चालून गेल्या. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर आहे, आणि तो दाखल्याचा नाही. मी लांबच राहीन. गाडीत बसून राहीन, काचा वर करून.

आपल्या वाऱ्याच्या टप्प्याबाहेर उभा,
क्लिफ्टन डाल्बी
(ड्वेनने ही सही पाहिली असून ती माझीच आहे असे तो म्हणतो.)
दिनांक: ओढ्याकाठचे गवत जाळून झाल्यानंतरचा सोमवार.

सोबत:
१) उजवा बूट, पुरावा म्हणून. काम झाल्यावर परत मिळावा.
२) सदर फोटो. अधिकाऱ्यांचा भाग मी पानाने झाकला आहे.
३) कासवाचे कवच, रिकामे.

ता. क. अधिकारी इथे पहिल्यांदा आल्या तेव्हा धावपट्टीवरून वस्तीपर्यंत गाडी मी चालवली होती, आणि वाटभर आम्ही दोघे बोलत होतो.