ठरावात मंजूर झालेले अकरा पासवर्ड

धानोरा, ता. ३ मार्च

ती. नूतनताईस आतेभाऊ देवानंदचा वाकून नमस्कार. (वाकून अशासाठी, की खुर्चीचा एक पाय निखळलाय आणि हे पत्र मी प्रिंटरच्या खोक्यावर टेकून लिहितोय.) इकडे सगळे मजेत. मामाचा गुडघा बरा आहे, मोहाच्या झाडाखाली झाडून आला परवाच. तुझी पाठ कशी आहे? आई विचारते, हैदराबादेत दिवसभर बसूनच काम असतं तर पाठ दुखायचं कारण काय. मी तिला समजावण्याच्या भानगडीत पडलो नाही. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू दुसऱ्या वाक्यालाच "लॉग पाठव" म्हणतेस आणि माझं सांगणं राहून जातं. पत्रात तुला मधे बोलता येत नाही.

तर तुझं ते टूल. तुला माहीतच आहे, आपल्या इलाक्यातल्या अकरा ग्रामसभांच्या वेबसाइट माझ्या सेवा केंद्रातून चालतात आणि अकराही डेटाबेसला मी एकच यूजर आणि एकच पासवर्ड ठेवला होता. जानेवारीत एका गावानं आपली जुनी सूचना पुसली, ती शेजारच्या दोन गावांच्या सूचनांसकट. (त्यातली एक हरवलेल्या बैलाची होती. बैल सापडला, पण वेबसाइटमुळे नाही.) मग अकराही गावांच्या महासभेनं सांगितलं, ज्याचं घर त्याची किल्ली. तू टूल पाठवलंस. यादीत साइटची नावं लिहायची, बटण दाबायचं, की प्रत्येक साइटला स्वतःचा यूजर, स्वतःचा पासवर्ड आणि फक्त स्वतःच्याच डेटाबेसमध्ये शिरायची मुभा. टूल उत्तम आहे. दोष माणसांचा आहे, म्हणजे बहुतेक माझाच.

यंदा तेंदूपत्त्याच्या लिलावाची सूचना अठ्ठावीस फेब्रुवारीला संध्याकाळी पाचच्या आत अकराही साइटवर लागायची होती. गेल्या वर्षी ती माझ्यामुळे उशिरा लागली. मग गुणवंतराव ठेकेदार एकटेच आले, मांडी घालून बसले, भाव सांगितला आणि लोकांनी माना डोलावल्या. उन्हातान्हात पानं तोडणाऱ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, ते मी अजून विसरलेलो नाही. म्हणून या वेळी भरसभेत शब्द दिला होता की पाचच्या आत सूचना लावीन, नाहीतर केंद्राचं शटर पाडीन.

बावीस तारखेला टूल चालवलं, अकरा पासवर्ड निघाले, त्यांचा एक छापील कागद महासभेत नेला. आता आपल्याकडची रीत तुला आठवत असेल. सभेसमोर वाचून मंजूर झाल्याशिवाय कुठलीच गोष्ट सभेची होत नाही, मग ती बांबूची तोड असो की सतरंजी. मी म्हणालो, पासवर्ड वाचायचा नसतो. अध्यक्ष सोमारीबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी लपवतोय.

"जे समद्यायले मालूम हाये, ते कोन चोरून नेते?" त्या म्हणाल्या.

यावर तुझ्या कंपनीत काय उत्तर आहे ते कळव. सचिव मुखरूभाऊंनी माझा कागद घेतला आणि अकराही पासवर्ड मोठ्यानं वाचले. पाऊण तास लागला. मोठा के, लहान क्यू, सात, मग ते पैशाचं चिन्ह. पाहुणे म्हणून खुर्चीवर बसलेले गुणवंतराव चहा पीत होते. मग ठराव झाला, सह्या झाल्या, अंगठे झाले, पासवर्ड वहीत उतरले आणि कागद चुलीत गेला.

मी केंद्रात परतलो. साइटमध्ये पासवर्ड भरायचं काम टूलच करतं, पण ते अर्ध्यावर असताना लाइट गेली. दोन दिवसांनी आली तेव्हा मी पुन्हा बटण दाबलं. ताई, दर वेळी टूल नवे पासवर्ड घडवतं हे तू मला सांगितलं होतंस, मीच ऐकलं नव्हतं. मुखरूभाऊ वही घेऊन ताडून बघायला आले, तर एकही जुळेना. लिलावाची सही-शिक्क्याची सूचना त्यांच्या पिशवीत होती, आणि वही जुळेपर्यंत ती काढायला ते तयार नव्हते. पासवर्ड बदलायचा तर नवा ठराव लागेल, ठरावाला सभा आणि सभेला सात दिवसांची नोटीस. हातात होते चार.

मग मी ठरवलं, ठराव बदलत नाही तर मशीन बदलेल. दोन दिवस तुझी ती इंग्रजी माहितीपुस्तिका शब्द लावून लावून वाचली. (आईला वाटलं, परीक्षा आहे. तिनं शिरा केला.) शेवटी सापडलं, की यादीत पासवर्ड आपण लिहून दिला तर टूल स्वतःचा घडवत नाही. अठ्ठावीसला मुखरूभाऊंना शेजारी बसवून वहीतून एकेक अक्षर उतरवलं. पाचला वीस मिनिटं कमी असताना अकराही साइटवर सूचना लागली. काल लिलावाला चार ठेकेदार आले. गुणवंतरावांनी मांडी घातली नाही.

तुझा,
देवानंद

ता. क. : आता खरं काम. गुणवंतराव त्या सभेत चहा पिता पिता डायरीत सगळे पासवर्ड लिहून घेत होते, हे मला एक तारखेला आठवलं. त्याच रात्री मी यादीतले पासवर्ड पुसून गुपचूप टूल पुन्हा चालवलं. म्हणजे आज वहीतले अकराही पासवर्ड खोटे आहेत आणि खरे फक्त मला माहीत आहेत. बावीसला सभा आहे. तू ये आणि सगळ्यांसमोर सांग, की टूलनं ते आपोआप बदलले. तुझ्यावर विश्वास ठेवतील.

ता. क. दुसरा : वरचं लिहून होतंय तोच सोमारीबाई आधारच्या कामाला आल्या. माझं तोंड बघून काय झालं ते विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्याची डायरी मले तवाच दिसली. म्हणूनच मुखरूच्या कानात म्हणलं, वाच वेगळं अन् लिव बराबर." म्हणजे गुणवंतरावांच्या डायरीतलं एकही अक्षर खरं नव्हतं, वही खरी होती आणि अकरा गावांत सभेचा ठराव मोडणारा एकटा मीच निघालो. बावीसला उभं राहून ते मलाच सांगायचं आहे, आणि सांगेन. निघताना त्यांनी तुझ्यासाठी निरोप दिला, तो जसाच्या तसा देतो: "झूट बोलाले पोरीले काऊन बलावतेस? जेवाले बलाव."