‘उतरली’ या शब्दाचा खुलासा

मी, भवानीबाई, कै. गणोजी धायबर यांची विधवा, वय अदमासे बासष्ट, धंदा घरकाम, राहणार धार, कोणाच्या धाकाने नव्हे की कोणाच्या भरीला पडून नव्हे, स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहवून ठेवते. गुडघे गेले आहेत. अक्कल शाबूत आहे, आणि जीभ अकलेहूनही शाबूत. मी सांगते, मोरोपंत लिहितात. त्यांनी पदरचे काही घालू नये.

१. राहते घर, परसातल्या लिंबासह, माझी मुलगी बकुळा हिला द्यावे. दिराचा मुलगा फत्तेसिंग याने हक्क सांगू नये. त्याला काकांची तलवार मिळेल. गंजली आहे, म्यानातून काढताना जपावे.

२. दारू गाळायचा तांब्याचा भबका, त्याची नळी व सात बरण्या बकुळेलाच. दारू काढायला आता परवाना लागतो, तेव्हा तिने गुलाबपाणी काढावे. या वस्तू माझ्याकडे कशा, हे सांगायचे तर जन्मभर झाकले ते उघडे करावे लागते. करते.

३. माझे पती हे सरदार उदाजीराव यांचे आबदार होते. पाहुण्यांपुढे जाणारी दारू आधी चाखून पसंत करणे हे त्यांचे काम. बकुळा पाळण्यात असताना त्यांना देवी आल्या. जीव वाचला, वास आणि चव गेली. नोकरी जाणार म्हणून रडकुंडीला आले. त्या दिवसापासून वाटी घरी येई आणि चव मी घेई. माझी जीभ तयार व्हावी म्हणून आबदारखान्यातला जुना भबका आणि बरण्याही यांनी घरी आणल्या. एकोणीस वर्षे सरदारांच्या पंगतीत वाहवा झाली ती माझ्या जिभेची. चाखून मी थुंकत असे. दोनतीनदा गिळलीही. बडीशेपेची होती, चांगली होती, पस्तावा नाही.

मोहाच्या दारूच्या पहिल्या धारेला धुराचा वास येतो, मधलीला फुलाचा, शेवटची ओल्या गोणपाटासारखी. मनावर गावचा मोह आणि तिरला गावचा मोह मी डोळे मिटून सांगत असे. विलायती द्राक्षाची लाल दारू भबक्यावर चढतच नाही, बाटलीत पडून पिकते. पहिल्यांदा चाखली तेव्हा कच्च्या जांभळासारखी जीभ धरली, आणि मग कितीतरी वेळाने मागून गोडवा आला. त्या दिवशी माझी भाजी करपली. साहेबलोक पेला नाकाशी धरून बसतात, ती विद्या. मराठ्याच्या बाईने हुंगले, तर थेर. असे म्हणणाऱ्याला कालचे ताक आणि आजचे ताक तरी ओळखता येते का, ते विचारावे.

४. अठरा वर्षांपूर्वी दसऱ्याला छावणीतले साहेब सरदारांकडे जेवायला यायचे होते. महूहून लाल दारूची पेटी उन्हातान्हात गाडीने आली. वाटी घरी आली. थेंब जिभेला लावताच कळले, आंबली आहे. मी म्हणाले, “उतरली.” कालचे वरण उतरते तशी.

पतींचा नेम असा, की माझा शब्द कानामात्रा न बदलता पोचवायचा. कारभारी उमाशंकर यांनी विचारले, “क्यों गणोजी भिया, कैसी है?” हे म्हणाले, “उतरली.” आबदारखान्यात उतरली म्हणजे भबक्यातून नीट उतरली, वाढायला तयार. दसऱ्याच्या धांदलीत कारभाऱ्यांनी तोच अर्थ धरला, आणि यांनीही. पेटी पंगतीत गेली. साहेबाने घोट थुंकला, सरदारांची मान खाली गेली, आणि यांची पगडी चारचौघांत उतरवली.

शब्द बायकोचा आहे, तिला विचारा, एवढे म्हटले असते तर पुरे होते. माझी अब्रू जाईल म्हणून ते बोलले नाहीत. तिसऱ्या वर्षी गेले. शेवटपर्यंत धार शहरात त्यांना ‘बिनजिभेचा आबदार’ म्हणत. मीही गप्प राहिले, त्याची मला आजही लाज वाटते. म्हणून लिहवते: चव बरोबर होती, निरोप बरोबर होता, आणि शब्द माझा होता.

५. वरील कलम माझ्या तेराव्याला मोठ्याने वाचावे. फत्तेसिंग काल येऊन म्हणाला, “काकी, हे लिहवू नका. बिरादरीत तोंड दाखवायची सोय उरणार नाही. मैं तो खांदा नहीं दूँगा, कह देता हूँ.” मी म्हटले, “नको देऊस, भिया. तिरल्याहून बैलगाडी मागवू. बैल तुझ्यापेक्षा सरळ चालतात.” तोच हुकूम येथे कायम. अग्नी बकुळेने द्यावा. गंगाजळ ताजे असावे, नसेल तर मला कळेल.

६. उमाशंकर यांना साक्षीला मुद्दाम बोलावले आहे. त्यांनी नुसती सही करू नये. त्या दिवशी काय ऐकले व काय विचारले नाही, ते स्वतःच्या हाताने लिहावे. लिहवत नसेल तर जागा कोरी सोडावी. कोरी जागाही तेराव्याला सर्वांना दाखवावी.

७. वाचून दाखवताना कळले, की मोरोपंतांनी माझा धंदा घरकाम असा लिहिला. तो खोडावा.

मुक्काम धार, कार्तिक शुद्ध दशमी, शके १८२९, सन १९०७.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा: भवानीबाई धायबर, धंदा दारूची चव घेणे.

लिहिणार: मोरोपंत. खाडाखोड एक, बाईंच्या हुकुमाने.

साक्ष: जानकीबाई, शेजारीण. अंगठा.

साक्ष: उमाशंकर, माजी कारभारी, स्वहस्ते. गणोजी ‘उतरली’ म्हणाले ते मी ऐकले. जी भबक्यावर चढलीच नाही ती उतरली कशी, हे विचारायचे काम माझे होते. मी विचारले नाही. पगडी माझी उतरायला हवी होती.