पितळी नळीतले दोन आवाज

बाबा, आज पौर्णिमा नाही, अष्टमीही नाही. उपोसथाच्या दिवशी मी अष्टशील घेतो आणि त्यातले सातवे शील गायन-वादन ऐकण्यापासूनही दूर राहायला सांगते. म्हणून तुम्हाला लिहिण्यासाठी मी मुद्दाम साधा वार निवडला आहे. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षे उलटून गेली. ज्या धम्माचे मी आयुष्यभर पठण केले, त्यात गेलेल्यांना पुण्य अर्पण करता येते. पत्र पोचवण्याची सोय कुठे सांगितलेली नाही. तरीही लिहायला बसलो, कारण गेल्या आठवड्यात तुमची नात हैदराबादहून आली होती आणि बोलता बोलता मी तिला तुमच्या त्या जर्मन वादकाविषयी सांगितले. मला त्याचे नाव आठवत नव्हते. ट्रॉम्बोन वाजवणारा, एकटाच, आणि एका नळीतून एका वेळी दोन आवाज काढणारा, एवढेच सांगितले. तिने चहा निवायच्या आत त्याला फोनवर शोधून काढले. तोही आता नाही म्हणे. "हाच का, अप्पा?" तिने विचारले. पहिल्या दोन सुरांतच मी म्हणालो, हाच. मग पुढचे सूर येण्याआधीच मला कळत गेले की आता काय येणार, आणि मी थक्क झालो. त्याची तुमच्याकडे असलेली कॅसेट मी उभ्या जन्मात एकदाही मन लावून ऐकली नव्हती. माझ्या कानांनी ती माझ्या परवानगीवाचून ठेवून घेतली होती.

नातीला तुमचा लाल डगला ठाऊक नाही. पितळी बटणांचा, खांद्यावर झालर असलेला तो डगला घालून तुम्ही मंचेरियलच्या वरातींत सगळ्यांच्या पुढे चालायचे, आणि ट्रॉम्बोनची सरकती नळी पुढे गेली की रस्त्यातली पोरे मागे सरायची. आपले मूळ गाव बेज्जूरच्या बाजूचे. तिथे आजोबा दुसऱ्यांच्या दारी डफडे वाजवत, कारण त्या जन्माला ते काम चिकटलेले होते. दीक्षा घेतली त्या वर्षी तुम्ही डफड्याला हात लावणार नाही म्हणून सांगितले, गाव सोडले, कोळशाच्या गावी, मंचेरियलला, आलात आणि बँडच्या उस्तादांकडून पितळेचा बाजा शिकलात. तुमच्या लेखी ती सुटका होती. मी मात्र चार पुस्तके वाचली, नार्नूरच्या मराठी शाळेत मास्तर झालो, पाली शिकलो, सुट्टीत आलो की विहारात प्रवचन करू लागलो. तुम्हाला वाटे, आपण डफडे टाकून बाजा घेतला. मला वाटे, डफडेच पितळेचे झाले. आपल्या दोघांमधले सगळे दुखणे या एका वाक्यात होते, आणि ते मी कधी उच्चारले नाही, फक्त वागून दाखवले.

एकदा मात्र मी बोललो होतो. "बाबा, आता सोडा हे. विहारात लोक मले बाजेवाल्याचा पोरगा म्हनतात." तुम्ही बटणांना चिंचेने घासत होता. मान वर न करता म्हणालात, "मंग काय म्हनाव त्याइनं? म्या बाजेवालाच हाय. अन् तू पोरगाच हायस." माय आतून हसली. मी त्या हसण्याचा राग दोन दिवस धरला.

मी नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. खाणीत एक नवे यंत्र बसवायला परदेशी माणसे आली होती. खाणीतल्या एका कारकुनाच्या मुलीच्या लग्नात त्यांच्यातला एक उंच जर्मन वरातीत आला, आणि नवरदेवाच्या घोड्याकडे न पाहता तुमच्या शेजारून चालत राहिला, तुमच्या सरकत्या हातावर नजर ठेवून. आठवड्याने तो जीपमधून बँडच्या दुकानावर आला. त्याच्या ड्रायव्हरने सांगितले, "साब बोल्ते, इनके मुलुक का बजानेवाला है. तुमारा ही बाजा बजाता." आणि तुमच्या हातावर एक कॅसेट ठेवली, जिच्या चिठ्ठीवर बारीक निळ्या अक्षरांत आपल्याला न येणाऱ्या भाषेत काहीतरी लिहिले होते. तुम्ही ती दोन्ही हातांनी घेतली. हे मला उस्तादांनी सांगितले. तुम्ही सांगितले असते तर मी ऐकून घेतले असते की नाही, कोण जाणे.

त्या कॅसेटवरून दुकानात वाद पेटला. उस्ताद क्लॅरनेट वाजवत, निजामाच्या काळचे कान त्यांचे, त्यांनी एकदाच ऐकून निकाल दिला, "एक आदमी का काम नक्को समझो मियाँ. दो हैं, दो. एक पीछे खड़ा है." तुम्ही म्हणालात, "दोघं असते त दोघाइचा दम येगयेगळा तुटला असता, उस्ताद. याचा दम एकाच टायमाले तुटते." केवढी बारीक गोष्ट पकडली होती तुम्ही! श्वासावर ध्यान ठेवायला मी लोकांना विहारात शिकवीत होतो, आणि माझे वडील बँडच्या दुकानात बसून न पाहिलेल्या माणसाचा श्वास मोजत होते. खाणीतला तो जर्मन परत जाण्याआधी तुम्ही ड्रायव्हरला मध्ये घालून त्याला विचारलेच. तो मोठ्याने हसला, एक बोट वर केले, आणि मग तेच बोट स्वतःच्या गळ्यावर ठेवले. एकच माणूस. वाजवता वाजवता नळीत गातो.

मग सुरू झाला तो गोंधळ. तोंडाशी धरायच्या त्या पितळी वाटीत एक सूर फुंकायचा आणि त्याच वेळी गळ्यातून दुसरा गायचा. दोन पावसाळे तुम्ही ते करत होता. मी सुट्टीला आलो की घराच्या मागच्या बाजूने हंबरल्यासारखा आवाज येई. माय भाकरी थापता थापता ओरडे, "अवो, तो हल्या सोडा आता! शेजारीन इचारते, तुमच्या घरी म्हैस याली का?" तुम्ही नळीतूनच काहीतरी उत्तर द्यायचे, आणि ते खरोखर रेड्याच्या हंबरण्यासारखे वाटून माय पिठाच्या हातांनी तोंड झाकायची. आज हे लिहिताना मला हसू येते. तेव्हा मी पुस्तक उघडून बसलेला असायचो, आणि पान उलटायचे विसरलेला असायचो, रागाने.

तुम्हाला ते साधले, त्या दिवशी मी घरी होतो. दुपारची वेळ, अंगणात ज्वारी वाळत घातलेली. तुम्ही म्हणालात, "मास्तर, बस. आयक." मास्तर हा शब्द तुम्ही अर्धा अभिमानाने आणि अर्धा चिडवायला वापरायचे. मी बसलो, पण पायात चपला ठेवून. तुम्ही वाजवले. खाली एक जाड, संथ सूर आणि त्याच्यावर तुमचा स्वतःचा, घोगरा, गावाकडचा गळा. थांबून तुम्ही विचारले, "किती आवाज आयकू आले?"

"दोन."

"तिसरा नाई आयकू आला?"

"नाई."

"आला. पुन्ना आयक." पुन्हा वाजवलेत. "म्या दोनच करून राह्यलो. बरोब्बर जागेवर दोन भेटले का तिसरा आपोआप येते. माहा बी नाई, बाज्याचा बी नाई. मंग थो कोनाचा, सांग?"

बाबा, या प्रश्नाचे उत्तर माझ्या विद्येत होते. हे असले की ते होते, हे नसले की ते होत नाही. कारणे एकत्र आली की फळ उपजते, आणि त्याला मालक नसतो. यावर मी तासन् तास बोलू शकत होतो. बोललोही, अनेक विहारांत, अनोळखी माणसांसमोर. तुमच्यासमोर मात्र मी घड्याळ पाहिले आणि म्हणालो, "उटनूरची बस निघून जाईन." तुम्ही मान डोलावलीत. ट्रॉम्बोनमधले वाफेचे पाणी झटकून काढलेत, जसे रोज काढायचे तसे.

त्यानंतर काही वर्षांनी, नव्वदीच्या सुरुवातीला, वैशाखाच्या पौर्णिमेला नागपूरकडचे एक विद्वान भंते आपल्या विहारात यायचे होते. त्यांना आणण्यासाठी मी वर्षभर पत्रे लिहिली होती. त्यांची देशना, म्हणजे प्रवचन, रेकॉर्ड करायची होती, आणि वस्तीत चांगला टेपरेकॉर्डर एकच, तुमचा. त्या सकाळी मी अष्टशील घेऊन पांढऱ्या कपड्यांत घरी आलो, तर तुम्ही तीच कॅसेट लावून बसलेले. मी म्हणालो, आज बंद ठेवा. तुम्ही लगेच बंद केली. मग मी म्हणालो की देशनेसाठी कोरी कॅसेट नाही, बाजारात जाऊन यायला वेळ नाही, आणि ही आहे. माय चुलीपासून उठून आली. "मास्तरा, त्याइच्या जिवाची कॅसेट हाय ते. दुसरं काई पाय." तुम्ही थोडा वेळ त्या निळ्या अक्षरांकडे पाहत राहिलात. मग मायला म्हणालात, "अवं, राहू दे. हे मले पाठ हाय. भंतेजीचं कुठं पाठ हाय?"

त्या कॅसेटवर दुसरे काही भरता येऊ नये म्हणून तिच्या वरच्या कडेचे दोन्ही तुकडे ती देणाऱ्या जर्मनाने मोडून ठेवले होते. मला त्यातले काही कळत नव्हते. तुम्हीच वर्तमानपत्राचे दोन बोळे केलेत आणि त्या दोन चौकोनी खाचांत काडीने घट्ट बसवलेत. विहारात भंतेंच्या आसनाशेजारी बसून लाल बटण तुम्हीच दाबलेत. देशना अर्ध्यावर आली तेव्हा बाजू संपल्याचा खट्ट आवाज झाला. मी भान हरपून ऐकत होतो, तुम्ही गुडघ्यांवर सरकत पुढे आलात, कॅसेट उलटी केलीत आणि दुसरी बाजूही लावलीत. भंते दानावर बोलत होते.

त्याबद्दल तुम्ही पुढे एक शब्दही काढला नाही, आणि मी त्याला तुमची सहज वृत्ती समजलो. तुम्ही वाजवत राहिलात. पण शेवटच्या दोन वर्षांत, छातीच्या दुखण्याने बँड सुटल्यावर, तुम्ही कधीमधी अंगणात तो जर्मन सूर धरायचे आणि एका ठिकाणी येऊन थांबायचे. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच. एकदा मला म्हणालात, "मास्तर, मधातली एक जागा आठवून नाई राह्यली." आवाजात तक्रार नव्हती, पिशवीत एखादी वस्तू सापडू नये तसे म्हणालात. मी म्हणालो, दुसरी कॅसेट आणू. कुठून आणणार होतो? मी कोणाला विचारलेही नाही. पुढे तुम्ही त्या जागेशी आलात की वाजवायचे थांबून, बोटाने मांडीवर तेवढा वेळ मोजायचे आणि पुढच्या भागाला हात घालायचे.

तुम्ही गेल्यावर मी ती देशना एकदाच लावली. भंतेंसाठी नाही. शेवटी सगळे उपासक तीन वेळा 'साधु' म्हणतात, त्यात तुमचा आवाज असणार, आणि तुमच्या आवाजाची घरात दुसरी कुठलीही खूण उरली नव्हती. पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकले. शंभरेक गळ्यांतला तुमचा कोणता, ते मला ओळखता आले नाही. एका नळीतले दोन आवाज एकाच माणसाचे आहेत, हे तुम्ही नुसत्या दमावरून ताडले होते. मला माझ्या बापाचा एक आवाज वेगळा काढता येईना.

गेल्या आठवड्यात फोनवर ती जागा आली. तुम्ही थांबायचे तिथे तो वादक थांबला नाही, सरळ पुढे गेला. फार अवघड काही नाही तिथे, बाबा. खालचा सूर तसाच राहतो आणि गळा हळूहळू चढत जातो, बस एवढेच. नातीला मी तेवढा भाग तीनदा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा मला तो दोघांखेरीजचा आवाजही ऐकू आला. तिने विचारले, "अप्पा, आजोबा खरंच असं वाजवायचे?" मी हो म्हणालो. मग तिने विचारले की त्यांचे काही रेकॉर्डिंग आहे का, आणि ही कॅसेट कुठे गेली. मी तिला तेच सांगितले जे इतकी वर्षे सर्वांना आणि स्वतःला सांगत आलो: ऐन वेळी कोरी कॅसेट मिळाली नाही, आजोबांनी मोठ्या मनाने आपली दिली.

हे पत्र मी तिलाही दाखवणार नाही, वहीतच राहील. तुमच्यापुरते लिहून ठेवतो. त्या सकाळी कोरी कॅसेट माझ्याजवळ होती. नार्नूरहून निघतानाच घेतली होती, खास देशनेसाठी, आणि मी तुमच्याशी बोलत होतो तेव्हा ती माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होती, वरचा कागदही न फाडलेली. सुट्टी संपल्यावर मी ती परत नेली आणि शाळेतल्या एका सहशिक्षकाला देऊन टाकली. त्यांनी तिच्यावर काय भरले, ते मी विचारले नाही.