एका खाटेचा संसार

नेहरूनगर, पिंपरी
रविवार, दुपार

ती. दाजी यांस,
सप्रेम जयभीम.

तुमचा गुडघा कसा आहे? मागे आलो तेव्हा पाऊस यायच्या आधी तो दुखायचा आणि ताई त्याच्या भरवशावर कांदा झाकून ठेवायची. आता तेलाने उतार पडला असेल तर तुमच्यासाठी चांगलं, कांद्यासाठी वाईट. ताईची तब्येत विचारत नाही. तिचा आवाज फोनमधून आमच्या शेजाऱ्यांनाही ऐकू जातो आणि तो ठणठणीत आहे. हातात फोन असताना पत्र का, असं तुम्हाला वाटेल. तर ताई फोन स्पीकरवर टाकते, आणि मला जे सांगायचं आहे ते राजगुरुनगरच्या अख्ख्या आळीने ऐकण्याजोगं नाही. तसं विशेष काही नाही म्हणा. (आहे, पण ते शेवटी.)

दीक्षा वाकडला मजेत आहे. ती झोपायच्या खोलीतून बाहेरच्या खोलीत येते आणि त्याला ऑफिसला जाणं म्हणते. मी तिला म्हणायचो, पोरी, आमच्या प्रेस शॉपमधला पत्रा काही घरी आणून तपासता येत नाही, हे सुख आमच्या नशिबात नाही. पण दाजी, सुख आलं. जरा उशिरा आलं आणि कंपनीच्या बसने आलं, एवढंच. दिवाळीनंतर कंपनीने प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये एक ॲप घातलं. त्यात सकाळ पिवळी, दुपार केशरी आणि रात्र निळी दिसते. आपल्याला नको असलेली शिफ्ट त्यात टाकायची, ज्याला हवी असेल तो उचलतो. आमचा सुपरवायझर रविराज म्हणाला, "आता शिफ्ट तुमच्या हातात, राव. उगाच माझ्या पाया पडू नका." (कोणी पडत नव्हतं, पण त्याला तसं वाटायचं.) माझ्या शेजारच्या मशीनवरचा, तुमच्याच बाजूचा बिरू पंधरवड्यात गावची जत्रा करून आला. माझं म्हणाल तर ॲपमध्ये 'होय' आणि 'नाही' अशी दोन बटणं आहेत, आणि मी भिडस्त माणूस. कोणी शिफ्ट पुढे केली की माझं बोट आपोआप 'होय'वर जायचं. सगळ्यांची सोय झाली आणि माझा महिना निळाशार झाला.

आमचा संसार तुम्हाला ठाऊक आहेच. दीक्षा लहान असताना तिच्याजवळ कोणीतरी हवं म्हणून कस्तुराने आणि मी उलट्या शिफ्ट घेतल्या, सुट्टीचे वारही वेगळे. ती वायरिंगच्या कंपनीत, मी इथे, दोन्ही चाकणलाच. पोरगी मोठी झाली, शिकली, वाकडला गेली, पण शिफ्ट उलट्याच राहिल्या, कारण त्या सुलट करायच्या असतात हेच आम्ही विसरलो. खोलीत एकच लोखंडी खाट. ती उठली की मी पडायचो, मी उठलो की ती. इतक्या वर्षांत ती खाट गार झाली नाही. बोलणं भांड्यांवरून चाले. कप पालथा म्हणजे दूध संपलं. डब्याचं झाकण तिरकं म्हणजे भाजी आधी वास घेऊन मग खा. चपलांचं तोंड दाराकडे म्हणजे राग आहे. (चपलांचं तोंड बरेचदा दाराकडेच असे.)

आणि भेट म्हणाल तर मोशीजवळ. ती रात्रपाळीवरून परतायची तेव्हा मी सकाळच्या शिफ्टला निघालेलो असायचो. मी मुद्दाम उजवीकडची खिडकी धरायचो. तिची बस समोरून आली की हात हलवायचो, आणि त्या बसमधूनही एक हात हलायचा. पहाटेचं धुकं, दोन बसचे दिवे आणि मध्ये तो हात. दिवसभर पत्र्याचे तुकडे उजेडात धरून चरे शोधताना मला त्या चकचकीत पत्र्यात तो हात दिसायचा. खोटं नाही सांगत.

या माघात तिच्या कंपनीतही तसलंच ॲप आलं. मग दीक्षाने आम्हा दोघांचे फोन शेजारी शेजारी ठेवले आणि दोन संध्याकाळी खपून आमच्या सकाळी जुळवल्या. गेल्या सोमवारी पहिल्यांदाच आम्ही दोघं एकाच दुपारी, जागे, एकाच खोलीत होतो. दाजी, आमच्या पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी ऊन येतं आणि ते हळूहळू भिंतीवरून सरकत मांडणीतल्या पितळी डब्यापर्यंत जातं, हे तुम्हाला माहीत होतं का? मला नव्हतं. कस्तुरा काम करताना गुणगुणते हेही नव्हतं. तिने चहा केला आणि विचारलं, "साखर किती घेता?" मी सांगितलं. दोघंही पाहुण्यासारखे बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी मोशीच्या हाताचं बोललो, की बाई, तुझ्या त्या हातावर माझे दिवस गेले. तिने कप खाली ठेवला. म्हणाली, "अहो, मी तर बसमध्ये पाय ठेवला की झोपते. तो हात माझ्या शेजारी बसणाऱ्या पुनमचा. ती कधीची सांगतीय, समोरच्या बसमधला एक माणूस रोज तिला हात करतो म्हणून. तिच्या नवऱ्याला तो माणूस हवाय."

यावर ती जी हसायला लागली ती थांबेना. मग मीही हसलो. (पुनमच्या घरचा पत्ता मी विचारलेला नाही.)

हसून दोघांना झोप आली आणि अडचण तिथे उभी राहिली. खाट एक. ती म्हणाली, तुम्ही पडा, तुमची कंबर. मी म्हणालो, तू पड, तुझे पाय. दारात दोन पाहुण्यांनी 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करावं तसं बराच वेळ चाललं आणि शेवटी हट्टाने दोघंही खाली सतरंजीवर आडवे झालो. वर खाट रिकामी. मला स्वप्न पडलं की ती खाट उन्हावरून तरंगत पुणे-नाशिक रस्त्याने निघाली आहे आणि चाकण चौकात तिला सिग्नलही लागत नाही.

जाग आली तेव्हा खिडकीत अर्धवट उजेड होता. कस्तुरा ओरडली, "अहो, बस!" आम्ही तोंडावर पाणी मारलं, गणवेश चढवले आणि थांब्यावर पळालो. थांब्यावर चिटपाखरू नाही. शेजारी रंभामावशीची चहाची गाडी. मावशीने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"दोघं मिळून कुठं निघालाय रं, ज्ञानू?"

"कंपनीत."

"आत्ता? आरं, दिवेलागण झाली की! सकाळ न्हाई, सांज हाय ही!"

घरी परतायची लाज वाटली, म्हणून तिथेच बाकड्यावर बसलो. समोरच्या बिल्डिंगमध्ये एकेक दिवा लागत होता. गणवेश घातलेले दोघं, कुठेच जायचं नाही. असं आम्ही लग्नानंतर बसलो नव्हतो. तेवढ्यात माझ्या खिशात ॲप वाजलं, आणि पाठोपाठ रविराजचा फोन. "भावा, पुढचा महिना रात्रीचं घे ना. तू घेतोसच." कस्तुराने फक्त चपला काढून बाकड्याखाली सरकवल्या, दोन्ही चपलांचं तोंड माझ्याकडे. याचा अर्थ मला माहीत नव्हता, भांड्यांच्या भाषेत हा शब्दच नव्हता. मी ॲप उघडलं आणि 'नाही' दाबलं. बटण अगदी कोरं होतं, दोनदा दाबावं लागलं. कस्तुराने मावशीला दोन चहा सांगितले, आणि माझ्या चहात साखर बरोबर निघाली.

तर असं आहे. तुम्ही प्रकृतीला जपा, ताईला आणि भाच्यांना आमची आठवण सांगा.

तुमचा मेहुणा,
ज्ञानदेव

ता.क. आमच्या लग्नात कस्तुराच्या वडिलांनी दिलेला सागवानी पलंग खोलीत मावेना म्हणून तुमच्या पडवीत ठेवला होता. त्यावर तुम्ही कांदा पसरता असं ऐकतो. कांद्याची दुसरी सोय होत असेल तर तो परत हवा होता. टेबल आणि कपाट काढून जागा केली आहे. या वयात हे मागताना कसंसंच वाटतं, म्हणून एवढं लांबण लावलं.

ता.क. २ हे ताईला वाचून दाखवू नका. विचारलं तर गुडघ्याबद्दल होतं म्हणा.

ता.क. ३ कस्तुराने आत्ता माझ्या खांद्यावरून पत्र वाचलं. म्हणते, तिने मंगळवारीच ताईला फोन केला होता. स्पीकर चालू होता. आळीतल्या चौघांनी कांदा उतरवला, पलंग धुतला, दोन दिवस उन्हात ठेवला, आणि उद्या पहाटे तो तुमच्याकडच्या बाळूच्या टेम्पोतून निघतोय. म्हणजे उद्या बिरू हे पत्र घेऊन बसने तिकडे येत असेल तेव्हा पलंग इकडे येत असेल, आणि मोशीजवळ दोघं समोरासमोरून जातील. बिरूला उजवीकडच्या खिडकीत बसायला सांगितलं आहे. हातही हलवायला सांगितलं आहे.