'दुसरा ब्रेक'बद्दल लोकांचं म्हणणं

आदरणीय भाऊजी,

चष्मा काढून, दोन्ही हात जोडून नमस्कार. (चष्मा काढल्यामुळे ही ओळ जरा उताराला लागली आहे, सांभाळून घ्यावं.) आपला गुडघा आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या दोन्ही गाड्या ठीक असतील अशी आशा आहे. आमच्याकडे सगळे मजेत. चष्म्याचं दुकान बरं चाललंय. लोकांची नजर रोज थोडी थोडी कमी होतेय, देवाची कृपा.

आपण फोनवर मला एकच काम सांगितलं होतंत: "भिंगरीचा सिनेमा बघून ये आणि लोक मला हसतात का, तेवढं खरं सांग." एवढं बोलून आपण फोन ठेवलात, त्यामुळे "तुमच्या पोटच्या लेकीनं केलेला पहिला सिनेमा, तुम्हीच का नाही बघत" हे माझं वाक्य माझ्यापाशीच राहिलं. असो. उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे आपला जीव टांगणीला लागायला नको. हसतात. पोट धरून हसतात. पण कसे हसतात आणि कुठे हसायचे थांबतात, हे सांगायचं तर सगळंच सांगायला हवं.

सिनेमातला बाप ड्रायव्हिंग मास्तर आहे. शिकाऊ गाडीत मास्तरच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, हे आपल्याला मी काय सांगणार. तर या माणसाला त्या ब्रेकची इतकी सवय झालीय, की घरी जेवायला बसल्यावर मुलीनं तोंड उघडलं की टेबलाखाली त्याचा पाय दाबला जातो. मुलगी म्हणते, "बाबा, मला असं वाटतं..." पाय खाली. "बाबा, माझा एक मित्र आहे..." पाय पार तळाला. माझ्या पुढच्या रांगेतल्या गृहस्थांना इथे ठसका लागला आणि त्यांच्या बायकोनं त्यांची पाठ थोपटता थोपटता स्वतःचे डोळे पुसले. (खरं सांग म्हणालात म्हणून सांगतो, भाऊजी, आपलाही पाय असाच खाली जातो. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मी "माझी काही अट नाही" म्हणालो, तेव्हाही गेला होता. तो ब्रेक नीट लागला नाही, याचं आमच्या हिला आजही वाईट वाटतं.)

पुढे ती सोळा वर्षांची मुलगी घर सोडून जाते. जाते म्हणजे अंथरूण-पांघरूण घेऊन अंगणात जाते आणि विटांवर उभ्या असलेल्या, चाकं काढलेल्या जुन्या गाडीत राहायला लागते. अख्खी सुट्टी. बाप रोज ताट घेऊन येतो, काचेवर टकटक करतो, ती काच चार बोटं खाली घेते, ताट तिरपं करून आत ओढते, आमटी सांडते. बाप विचारतो, "हँडब्रेक लावलायस ना?" आणि निघून जातो. (आपल्याकडे हे प्रकरण दोन रात्रींत आटोपलं होतं, कारण डास. सिनेमातल्या अंगणात डास नाहीत. एवढीच काय ती भिंगरीची कल्पनाशक्ती.)

आता माझं दुःख. या सिनेमात एक मामाही आहे. तो आला की घरातली माणसं एकेक करून उठून जातात, कारण तो कुठलीही गोष्ट शेवटापर्यंत नेत नाही. वाटेत जो भेटेल त्याची गोष्ट सांगायला लागतो. एकदा तर तो बोलत बोलत रिकाम्या खोलीत उरतो आणि समोरच्या कपाटाला म्हणतो, "तर मी काय सांगत होतो?" लोक टाळ्या वाजवतात. मी म्हटलं, बरं, असतात असे मामा. पण तेवढ्यात तो दिव्याखाली आला आणि माझं लक्ष त्याच्या शर्टाकडे गेलं. निळ्या चौकड्यांचा, खिशाला आडवी शिवण. मागच्या वर्षी भिंगरी "इस्त्री करून आणते" म्हणून घेऊन गेली होती, तोच. मी भर अंधारात उभा राहून म्हणालो, "हा माझा शर्ट आहे." मागून कुणीतरी म्हणालं, "मग काढून घ्या, पण खाली बसा." हिनं माझा हात धरून मला खाली ओढलं आणि मध्यंतरापर्यंत हात सोडला नाही. लग्नानंतर इतका वेळ प्रथमच.

या उभं राहण्याचा परिणाम असा झाला, की मध्यंतरात लोकांना मीच तो नट वाटलो. (मिशी सारखी आहे. तीही बहुतेक माझ्यावरूनच घेतली असावी.) मी सांगायला गेलो, "अहो, मी तो नाही, मी खरा...", पण या सिनेमानं लोकांना मामाचं वाक्य तोडण्याचा जणू परवानाच दिलेला. कुणी पुरं करू देईना. त्यामुळे मला कुणाला काही विचारावंच लागलं नाही. लोक रांगेनं येऊन मत देऊन गेले. एक निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "मी तासभर वाट बघतोय, ती गाडी काही सुरू होईना. हा काय सिनेमा?" आणि तरी मध्यंतर संपायच्या आधी सगळ्यांत पुढे आत गेले. एक आई तिच्या कॉलेजातल्या मुलीला म्हणत होती, "काय बाई, छळवादी बाप आहे." मुलगी पॉपकॉर्न खात शांतपणे म्हणाली, "आई, तो तूच आहेस." त्यानंतर दोघी बराच वेळ वेगवेगळ्या दिशांना बघत होत्या. आमच्या हिचं मत: सिनेमा चांगला आहे, पण इतका आवरलेला स्वयंपाकघराचा ओटा तिनं आयुष्यात पाहिलेला नाही.

आता शेवट. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी निघते. स्वतः गाडी चालवत. बाप फाटकाशी उभा. गाडी कोपऱ्यापाशी पोचते, समोरून एक ट्रक येतो आणि इकडे बापाचा पाय जमिनीवर दाबला जातो, चप्पल मातीत रुतेपर्यंत. गाडी थांबत नाही. तिला ट्रक दिसलेला असतो. ती वेग कमी करते, त्याला जाऊ देते आणि वळून जाते. मग किती तरी वेळानं बाप पाय उचलतो. एवढंच. भाऊजी, हे हसण्यासारखंच होतं. मोकळ्या रस्त्यावर जमिनीला ब्रेक लावणारा माणूस. पण हॉलमध्ये कुणी हसलं नाही. त्या हेडमास्तरांनी चष्मा पुसायला काढला तो उलटा घातला. मी धंद्यानं चष्मेवाला, तरी त्यांना सांगावंसं वाटलं नाही.

बाहेर आल्यावर एक बाई माझ्यापाशी थांबल्या. शाळेची व्हॅन चालवतात. म्हणाल्या, "गिअर सगळे चुकीचे दाखवलेत हो, पण मास्तर बरोबर दाखवलेत." नवरा गेल्यावर, चाळिशीत, त्या गाडी शिकायला गेल्या होत्या. चढावर गाडी पुनःपुन्हा बंद पडायची, मागचे हॉर्न वाजवायचे, आणि शेजारी बसलेले मास्तर काही न बोलता ब्रेक धरून बसायचे. "मागं जाऊ दिली नाही हो त्यांनी," त्या म्हणाल्या. मी विचारलं, कुठलं स्कूल? त्यांनी, भाऊजी, आपलंच नाव घेतलं. ते माझे मेहुणे, असं मी म्हणालो (हे एक वाक्य मला पुरं करू दिलं त्यांनी), तर म्हणाल्या, "मग आज आले नाहीत?" मी म्हटलं, गुडघा. खोटं बोललो.

खांबाआड भिंगरी उभी होती. ओढणीनं तोंड झाकून ती प्रत्येक खेळाला येते आणि लोक काय म्हणतात ते ऐकते. पेपरात कौतुक आलंय, शिव्याही आल्यात, त्याचं तिला काही नाही. मला म्हणाली, "मामा, बाबांनी विचारलं का?" मी म्हटलं, लोक हसतात का, ते विचारलंय. ती ओढणी खाली घेऊन म्हणाली, "त्यांना सांग, मी हसवायलाच केलाय. पण तो पाय मी त्यांच्यावर हसायला नाही दाखवला. लहानपणी मी रस्ता ओलांडायचे, तेव्हा ते दारात उभे राहून असाच दाबायचे. मला ते मागे न बघता कळायचं."

हे मी जसंच्या तसं लिहिलंय, मध्ये कुणाचीही गोष्ट न घालता. लहान तोंडी मोठा घास झाला असेल, तर भेटल्यावर हक्कानं कान धरावा.

आपला मेहुणा

ता. क. मी रडलो, असं ही आपल्याला फोन करून सांगणार आहे. हॉलमध्ये गारठा फार होता.

ता. क. दुसरा. खरं काम हे, की आपण लवकरात लवकर येऊन लेकीला घरी न्यावं. बाबा बोलत नाहीत म्हणून ती गेला महिनाभर आमच्याकडे आहे. पोर गुणाची आहे, त्रास काही नाही. पण हल्ली मी बोलायला लागलो की ती उठून जात नाही. समोर बसते आणि मन लावून ऐकते. काल म्हणाली, "मामा, तुझ्या लग्नाची गोष्ट सांग ना, सगळी." मला धोका दिसतो आहे.

ता. क. तिसरा. हे ताईनं सांगू नको म्हणून बजावलंय, म्हणून पत्राच्या अगदी तळाशी लिहितो. डोळे तपासायचेत असं आपल्याला सांगून ताई माझ्याकडे तीनदा येऊन गेली. तिचे डोळे उत्तम आहेत. ती सिनेमाला आली होती. पहिल्यांदा परतीची गाडी चुकेल म्हणून शेवटाआधी उठली. नंतर दोन्ही वेळा तिथेच मुद्दाम उठून बाहेर आली. म्हणते, शेवट यांच्या शेजारी बसून बघेन. रविवारच्या दुपारच्या खेळाच्या दोन खुर्च्या मी धरून ठेवल्या आहेत.