परसातली दुर्बीण आणि भिंतीवरचा दिवा

मी, खाली सही करणारी, निवृत्त परिचारिका, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. दबाव कोणाचा नाही, सल्ले मात्र भरपूर मिळाले.

१. राहते घर परसासह मुलीला. परसातला सिमेंटचा चौथरा तिने फोडू नये. माझे पती कवळ्या बनवीत आणि अंधार पडला की त्या चौथऱ्यावर दुर्बीण लावून शौरी तारकासमूहातल्या गोल तारकागुच्छाचे फोटो काढीत. तिथे लाखो तारे, पण फोटोत मधोमध नुसता पांढरा गोळा यायचा. तो फुटून तारे सुटे दिसावेत, एवढाच त्यांना ध्यास.

२. शेजारी राहणाऱ्या धाकट्या दिरांना काही नाही. त्यांच्याकडे चोरी झाल्यावर त्यांनी सामाईक भिंतीवर मोठा दिवा लावला. आमचे आकाशच पुसले गेले. ह्यांचा आजार बळावला तेव्हा मी पदर पसरला, "आठवडाभर तेवढा बंद ठेवा." ते म्हणाले, "वहिनी, तारे कुठे पळून जात नाहीत. चोर पळतात."

तारे आहेत तिथेच आहेत. हे गेले.

३. दुर्बीण आणि कॅमेरा जाऊबाईला, म्हणजे ह्याच दिरांच्या बायकोला. नवऱ्याच्या नकळत ती मेन स्विच पाडायची आणि "लाइट गेली वाटतं" म्हणत अंधारात भांडी घासत बसायची. ह्यांचे शेवटचे फोटो त्या अंधारात निघाले. पकडली गेल्यावर तिने घरात अबोला सोसला. दुर्बिणीतून तिने एकदाच पाहिले आणि विचारले, "एवढ्या दाटीवाटीत भांडत नसतील का हे?" किती तरी दिवसांनी हे हसले.

४. संगणक मुलाला. ते फोटो एकावर एक रचून एकच चित्र करायचे राहिले आहे. "करतो गं आई," असे तो दर फोनवर म्हणतो. मी विचारायचे सोडले आहे. गोळा फुटला नाही तरी त्याने ते पुरे करावे.

५. ज्याला काही मिळत नाही त्याने साक्षीदार व्हावे, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून काल दिरांकडे गेले. बऱ्याच दिवसांनी उंबरा ओलांडला. ते म्हणाले, "सही करतो, वहिनी." मग खाली बघत म्हणाले, "दिवा काढून टाकू का?"

मी नको म्हटले. ह्यांच्यामागे मला अंधारात एकटीला झोप लागत नाही, हे तोंडाने सांगवले नाही. सही करताना वाचतील.

स्थळ : राहते घर
दिनांक : ९ मार्च
सही : मृत्युपत्र करणार
साक्षीदार : १. धाकटे दीर २. कोपऱ्यावरचे औषधवाले