तुझ्या ताईचे रिपोर्ट नॉर्मल आले, त्याविषयी

प्रिय धाकल्या,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा आता तुला जिना चढू देत असेल, घरची मंडळी खुशाल असतील आणि पाकिटाची जाडी पाहून ‘भावोजींनी पुन्हा लिहायला घेतलं वाटतं’ असा सुस्कारा तू टाकला असशील, असे गृहीत धरून (तिन्ही गृहीतके तपासून घ्यावीत) मुद्द्यावर येतो. या पत्रात मला एवढेच सिद्ध करायचे आहे की ‘नॉर्मल’ हे इंग्रजी विशेषण आपण बोलण्यातून हद्दपार करावे. कारण ते आता इतक्या अर्थांनी वापरले जाते की त्याच्या आडोशाला माणूस डोळ्यांदेखत आजारी पडला तरी कोणाला दिसत नाही. प्रस्तुत प्रकरणी आजारी माणूस म्हणजे तुझी ताई. तिचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले आहेत. घाबरू नकोस, असे मी लिहीत नाही. मी स्वतः घाबरलेलो आहे, आणि जे मला जमत नाही ते तुला सांगणे मला पटत नाही.

सुरुवात एका हॉटेलात झाली. डोळे तपासून परतताना आम्ही दोघे कोपऱ्यावर जेवायला बसलो. वेटरने विचारले, पाणी थंड की नॉर्मल. मी त्याला शांतपणे विचारले, की थंड नसलेले ते नॉर्मल अशी तुझी व्याख्या असेल, तर उकळते पाणीही नॉर्मल ठरते. तेव्हा तुला नेमके काय अभिप्रेत आहे. तो जाऊन मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर म्हणाला, नळाचे. (म्हणजे ज्याला कोणी काही केलेले नाही ते. हा एक अर्थ बाजूला काढून ठेव.) आता, तुझ्या ताईला तू ओळखतोस. अशा प्रसंगी ती टेबलाखालून माझ्या पायावर पाय देते आणि बाहेर पडल्यावर वेटरची बाजू अशी काही लढवते की परत आत जाऊन त्याची माफी मागावी असे मलाच वाटू लागते. त्या दिवशी तिने पाय दिला नाही. मॅनेजरकडे पाहून ती म्हणाली, “बरोबर विचारताहेत ते.” माझी भूकच मेली.

पार्श्वभूमी तुला ठाऊक आहे, तरीही मांडतो. आधारविधाने गाळून निष्कर्षावर उडी मारणारे विद्यार्थी मी आयुष्यभर नापास केले आहेत. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले. मी जे बोलत असे ते साठ मुले खाली मान घालून उतरवून घेत. छापखान्यात प्रुफे तपासणारी तुझी ताई हे एकच माणूस असे निघाले, की ज्याने माझे एकही वाक्य तसेच्या तसे उतरवून घेतले नाही. छापलेल्या ओळीवर विश्वास ठेवायचा नाही याचाच तिला पगार मिळत होता, आणि ती कामाची सवय तिने घरी आणली. लग्नानंतर आमचा एक शिरस्ता पडला: संध्याकाळच्या चहाला मी एक विधान मांडायचे आणि कप विसळून होईपर्यंत तिने ते पाडायचे. माझी पत्रेही तिच्या पेन्सिलीखालून गेल्याशिवाय पाकिटात जात नसत. वीज कंपनीला लिहिलेल्या तक्रारीतसुद्धा तिने समासात ‘हे सिद्ध कुठे केलंत?’ असे लिहिलेले मला आठवते. (वीज कंपनीने पुढे तोच मुद्दा काढला.)

अलीकडे पत्रे कोरी परत येतात. ती पेन्सिल घेऊन बसते, पाने उलटते आणि छान झालंय म्हणून माझ्या हातात देते. मी मुद्दाम एका पत्रात माझे स्वतःचे आडनाव चुकीचे लिहिले. छान झालंय. मग चहाच्या वेळी मी चाचणी घेऊ लागलो. पाच ही सम संख्या आहे, असे म्हणालो. ती म्हणाली, असेल. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मावळणारे ऊन येत असताना ती खिडकी पूर्वेची आहे, असे म्हणालो. ती म्हणाली, हो ना. शेवटी मी केलेला चहा तिच्या चहापेक्षा चांगला होतो, असे एक विधान केले, ज्याच्या असत्यतेबद्दल आमच्या इमारतीत दुमत नाही. तिने एक घोट घेतला आणि म्हणाली, “खरंय तुमचं.” मी कप खाली ठेवला आणि डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर भले गृहस्थ आहेत. त्यांनी तिला वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात वजा करत जायला सांगितले; तिने सगळे नीट सांगितले. रक्त घेतले, डोक्याचे फोटो काढले. पॅथॉलॉजीच्या खिडकीतली मुलगी पाकीट देतानाच म्हणाली, सगळं नॉर्मल आहे काका. (अर्थ: आकडा दोन छापील आकड्यांच्या मध्ये पडतो.) मग तोच शब्द डॉक्टरांनी उचलला आणि म्हणाले, की या वयात माणूस जरा शांत होतो, नॉर्मल आहे. (अर्थ: पुष्कळांचे असे होते. पुष्कळांचे पाय मोडतात, म्हणून मोडलेला पाय नॉर्मल ठरत नाही, हे मी त्यांना सांगितले. ते हसले.) त्यांनी मला विचारले, की नक्की तक्रार काय आहे. मी सांगितले, की ती माझ्याशी सहमत होते. त्यांनी पेनाला टोपण लावले. म्हणाले, “सर, बायको ऐकते म्हणून औषध मागायला आलेला पहिला नवरा पाहतोय मी. एवढं लोकांत सांगू नका, रांग लागेल.” तुझी ताईही त्यांच्याबरोबर हसली. पूर्वीची असती तर त्यांना आधी पेनाचे टोपण काढायला लावले असते.

घरी येऊन मुलाला फोन केला. त्याच्या मते, नॉर्मल घरांत हे असेच चालते, मीच कुठे सुखाने बसू शकत नाही. इथे त्या शब्दाचा अर्थ आदर्श असा होतो. म्हणजे जो शब्द दवाखान्यात सरासरी होता, तो फोनवर उपदेश झाला. वॉशिंग मशीनवाला गळणाऱ्या पाण्याकडे पाहून म्हणाला, की एवढं नॉर्मल आहे. त्याचा अर्थ मला ताबडतोब कळला: हे मला दुरुस्त करता येत नाही. त्या सर्वांत मला तोच प्रामाणिक वाटला. शेजारच्या वहिनींनी तर तुझ्या ताईचे अभिनंदन केले, की अखेर तुमच्या घरातून आवाज येईनासा झाला, किती नॉर्मल वाटतं आता. आधीच्या त्या आवाजाला त्या काय म्हणत, हे मी त्यांना विचारले नाही.

तेव्हा निष्कर्ष असा. रिपोर्ट नॉर्मल आहेत, हे विधान खरे. जे नॉर्मल आहे त्याची काळजी करू नये, हेही एका अर्थी खरे. परंतु दोन्ही विधानांत तो शब्द एकाच अर्थाने आलेला नाही, म्हणून काळजी करू नये हे अनुमान टिकत नाही. हे मी डॉक्टरांना, मुलाला आणि शेजारच्या वहिनींना सांगितले. कोणी खोडून काढले नाही. घरी येऊन तुझ्या ताईलाही सांगितले. तिलाही ते पटले.

कळावे, लोभ आहेच, तो वाढवायला जागा उरलेली नाही.

तुझा,
भावोजी

ता. क. वरील सर्व युक्तिवाद बाजूला ठेवलास तरी चालेल. माझे मागणे एवढेच आहे की तू ये. तुमच्या लहानपणच्या मांजराची शेपटी पूर्ण काळी होती असे तू, आणि टोकाला पांढरी होती असे ती, हा वाद तुम्ही माझ्या लग्नाच्या मांडवातही घातला होता. (फोटोत तू हाफ पँटमध्ये रुसून उभा आहेस आणि ती नववधू असूनही तुझी कॉलर सरळ करते आहे.) ज्या भावाला तिने बोट धरून शाळेत नेले, फाटकापर्यंत रडणे ऐकून घेतले, त्याचे म्हणणे ती सुखासुखी मान्य करणार नाही, अशी मला आशा आहे. जिना चढवत नसेल तर खालूनच ओरड. शेपटी काळी होती, एवढेच.

दुसरा ता. क. सवयीप्रमाणे हे पत्र मी तिच्यासमोर ठेवले. ठेवू नये असे वाटत होते. पण तिच्या नजरेखालून न गेलेले पत्र मी आजवर टाकलेले नाही. या खेपेस ते कोरे आले नाही. पहिल्याच ओळीतल्या ‘धाकल्या’ला तिने गोल केला आहे आणि समासात ‘थोरला’ असे लिहिले आहे. मी पत्र उतरवून काढलेले नाही. खूण तुला दिसावी.

मी म्हणालो, अगं, तो तुझ्याहून धाकटा. ती उसळली. मी लग्नाचा फोटो काढून दाखवला, तर हाफ पँटमधला तो दुसराच कोणीतरी आहे म्हणाली, आणि तो तूच आहेस हे मी सिद्ध कुठे केले आहे, असे विचारले. तूच त्याला बोट धरून शाळेत न्यायचीस, याची मी आठवण दिली. “तो मला न्यायचा बोट धरून,” ती म्हणाली. “मी रडायचे फाटकापर्यंत. तुम्ही होतात का तिथे?” मी तिथे नव्हतो. कप विसळून झाले, ओटा पुसून झाला, तरी ती थांबली नाही. कितीतरी दिवसांनी घरातून आवाज गेला. शेजारच्या वहिनींनी दार उघडून पाहिले.

तेवढ्यात मुलाचा फोन आला, आई कशी आहे. मी नॉर्मल म्हणालो. (अर्थ: पुढे विचारू नकोस.)

लवकर ये. शेपटीचे राहू दे. दारात तिला ‘ताई’ म्हणून हाक मारू नकोस.

कबुली: या पत्राच्या पहिल्या ओळीत मी तुला धाकटा म्हटले आहे. ती चूक माझी आहे. तू थोरला आहेस. तिने हे वाचून खाली पेन्सिलीने ‘ठीक’ असे लिहिले आहे, आणि तिच्यासमोर मी सही करत आहे.

(सही)
भावोजी